वरातीमागून मॅन्युअल

परदेशात स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' सापडतं. १९७० साली निघालेलं हे पुस्तक पिढ्यान् पिढ्यांनी सुटकेसमधून सातासमुद्रापार नेलं. त्यातली मापं वाटी-चमच्याची, सोपी आणि चोख. पण इथलं पीठ वेगळं, शेगडी वेगळी. त्यामुळे पहिल्यांदा करताना पदार्थ बिघडतो, तेव्हा करणारा पुस्तकाला दोष देत नाही. "मलाच जमत नाही" असं म्हणतो. मग आईला फोन जातो, ती सांगते "अरे, तिकडच्या पिठाला पाणी कमी लागतं", आणि प्रश्न मिटतो.

संगणकाच्या जगात या पुस्तकाच्या जागी मॅन्युअल असतं. फरक एवढाच की फोनवर आई नसते. आणि इथे शेगडी दर सहा महिन्यांनी बदलते.

या लेखात मला ओपन सोर्स डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलचा, आणि ती चुकीची का ठरत गेली याचा, इतिहास सांगायचा आहे. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हिडिओ बघायचं व्हीएलसी, फोटोवर काम करायचं गिंप ही नावं आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीची असतील. लिनक्सचा डेस्कटॉप रोज वापरणारेही मंडळात नक्की असतील. या सॉफ्टवेअरचं कौतुक भरपूर होतं आणि ते रास्तच आहे. पण त्याच्याबरोबर येणारं डॉक्युमेंटेशन भरवशाचं नसतं, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. खरं सांगायचं तर ती ओपन सोर्स या शब्दाहूनही जुनी आहे.

पहिल्याच मॅन्युअलमधली कबुली

न्यू जर्सीतल्या मरे हिलला बेल लॅब्ज आहे. तिथे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं, आणि ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं त्याचं पहिलं मॅन्युअल काढलं. आजचं लिनक्स ज्या वळणावर गेलं ते वळण इथलं. या मॅन्युअलच्या प्रस्तावनेतच लेखक मोकळेपणाने सांगतात की सिस्टिम इतक्या वेगाने बदलते आहे की शेवटची पानं लिहून होईपर्यंत सुरुवातीची बरीचशी पानं पुन्हा दुरुस्त करावी लागली. म्हणजे ज्या दिवशी पहिलं मॅन्युअल जन्माला आलं, त्याच दिवशी हे दुखणंही नोंदलं गेलं!

पण त्या मॅन्युअलमध्ये दोन गोष्टी फार शहाणपणाच्या होत्या. प्रत्येक प्रोग्रामच्या पानावर 'बग्ज' नावाचा एक भाग असायचा. या प्रोग्राममध्ये काय चुकतं, काय अर्धवट आहे, हे तिथे लिहिलेलं असे. दुसरा भाग 'ओनर'. अडचण आली तर कुणाला विचारायचं त्याचं नाव तिथे असायचं. त्याच सुमारास बेल लॅब्जच्या पेटंट विभागातली मंडळी युनिक्सवर पेटंटचे अर्ज टाइप करू लागली होती. प्रोग्रामर नसलेले असे हे पहिले वापरणारे. त्यांना मॅन्युअल कळलं नाही तर लिहिणारा माणूस त्याच संस्थेत होता. जाऊन विचारायचं. 'बग्ज' हा भाग आजही लिनक्सच्या अनेक पानांवर दिसतो. 'ओनर' मात्र पुढे गळाला.

मला वाटतं, पुढच्या पन्नास वर्षांची गोष्ट या गळालेल्या भागात आहे. सॉफ्टवेअर जगभर पसरलं. मॅन्युअल लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामधलं अंतर वाढत गेलं, आणि चूक दिसली तर सांगायचं कुणाला, हेच वाचणाऱ्याला कळेना.

स्वातंत्र्य कुणाचं, प्रोग्रामचं की पुस्तकाचं?

सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. कुणालाही मोकळेपणाने वापरता येईल, बदलता येईल अशी पूर्ण सिस्टिम तयार करायची, हा त्याचा हेतू. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं. स्टॉलमन यांना मॅन्युअलचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं. त्यांचा मुद्दा असा की प्रोग्राम बदलायचं स्वातंत्र्य असेल आणि मॅन्युअल बदलायचं नसेल, तर बदल करणाऱ्याने मॅन्युअल कसं सुधारायचं? प्रकाशकाने हक्क राखून ठेवलेलं उत्तम पुस्तकही मग प्रोग्राम बदलला की चुकीचं ठरणार, आणि ते दुरुस्त करायची कुणाला परवानगी नसणार. मुद्दा बिनतोड होता. म्हणून मार्च २००० मध्ये खास मॅन्युअलसाठी एक वेगळं लायसन्स निघालं, 'ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स'.

आणि इथे गंमत झाली. गंमत म्हणजे आपली नेहमीची, दुःखाची. या लायसन्समध्ये लेखकाला पुस्तकाचे काही भाग 'न बदलता येणारे' म्हणून राखून ठेवता येत होते. डेबियन ही लिनक्सची जुनी आणि तत्त्वाला घट्ट धरणारी आवृत्ती. तिथल्या मंडळींनी म्हटलं, जे बदलता येत नाही ते मुक्त कसं? २००६ मध्ये मतदान झालं आणि ठरलं की असे राखीव भाग असलेली पुस्तकं मुक्त मानायची नाहीत. परिणाम काय? स्टॉलमन यांच्याच ईमॅक्स या प्रोग्रामचं मॅन्युअल डेबियनच्या मुख्य भांडारातून बाहेर गेलं. प्रोग्राम आत, पुस्तक दाराबाहेर! दोन्ही बाजू तत्त्वाने बरोबर होत्या. पण नुसता ईमॅक्स बसवणाऱ्या नवख्या माणसाला एवढंच दिसलं की मॅन्युअल जागेवर नाही.

याच डेबियनची आणखी एक जुनी प्रथा सांगण्यासारखी आहे. प्रत्येक प्रोग्रामला मॅन्युअलचं पान हवं, असा त्यांचा नियम. ज्याला पान नाही त्याचं काय करायचं? तर 'या प्रोग्रामचं मॅन्युअल उपलब्ध नाही' असं सांगणारं एक सामायिक पान केलं होतं आणि सगळे पोरके प्रोग्राम त्याला जोडून टाकले जात. पुढे ही पद्धत बंद झाली. ऐकायला हे विनोदी वाटतं, पण मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो. चुकीची वाट दाखवणाऱ्या पाटीपेक्षा 'पुढे रस्ता नाही' ही पाटी केव्हाही बरी.

हाउटूचे दिवस

ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्सची घोषणा केली आणि वर्षभरातच, १९९२ मध्ये, 'लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट' सुरू झाला. मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस आणि मायकेल जॉन्सन ही सुरुवातीची नावं. या प्रकल्पाने 'हाउटू' हा लेखनप्रकार रुळवला. एक काम घ्यायचं, ते कसं करायचं हे पायरीपायरीने सांगायचं. मोडेम कसा जोडायचा, प्रिंटर कसा चालवायचा, स्क्रीनवर आपली भाषा कशी आणायची. लिहिणारे सगळे स्वयंसेवक. नव्वदच्या दशकात इंजिनीअरिंग कॉलेजांत लिनक्स शिकलेल्या पिढीने हे हाउटू छापून, झेरॉक्स करून वाचले.

पण स्वयंसेवकाचं आयुष्य पुढे जातं. नोकरी बदलते, लग्न होतं, मुलं होतात. हाउटू मात्र जागच्या जागी राहतो. डेस्कटॉपवरची खिडकी, माउस, रंग हे सगळं लिनक्सवर 'एक्स' नावाच्या व्यवस्थेतून येतं. नव्वदच्या दशकात तिची 'एक्सफ्रीएटीसिक्स' ही आवृत्ती सगळीकडे होती आणि मॉनिटरची माहिती एका फाइलमध्ये हाताने भरावी लागायची. चुकीचा आकडा भरलात तर मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा हाउटूमध्ये असायचा आणि त्या वेळच्या मॉनिटरना तो लागूही होता. २००४ मध्ये लायसन्सच्या भांडणातून बहुतेकांनी 'एक्स डॉट ऑर्ग'ची वाट धरली. फाइलचं नाव बदललं. पुढच्या काही वर्षांत मॉनिटर आपोआप ओळखला जाऊ लागला आणि ती फाइल असण्याचीच गरज उरली नाही. जुने हाउटू मात्र सांगतच राहिले की ही फाइल उघडा. ती फाइल नाहीच, असं कळल्यावर नवख्याला काय वाटणार? आपलाच संगणक बिघडलेला आहे.

तरी हाउटूचा एक गुण नोंदवायला हवा. बहुतेकांच्या डोक्यावर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक असायचा. वाचणाऱ्याने नीट बघितलं, तर पाव शिळा आहे की ताजा हे निदान कळायचं.

डेस्कटॉप आला, वाचक बदलला

ऑक्टोबर १९९६ मध्ये मथायस एट्रिखने केडीईची घोषणा केली. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल द इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. लिनक्सलाही विंडोजसारखा, मॅकसारखा डेस्कटॉप हवा, ही दोघांची इच्छा. आता वाचणारा प्रोग्रामर राहिला नाही. तो शिक्षक होता, दुकानदार होता, निवृत्त काका होते. त्याला सोर्स कोड वाचता येत नव्हता, त्यामुळे मॅन्युअल खरं की खोटं हे ताडून बघायची सोय त्याच्याकडे नव्हती. पूर्वीच्या वाचकाला मॅन्युअल चुकलं तर कोड होता. या वाचकाला मॅन्युअल चुकलं तर काहीच नव्हतं.

फेब्रुवारी २००४ मध्ये एरिक रेमंड यांनी यावर एक गाजलेला लेख लिहिला. ओपन सोर्सची बाजू जगासमोर मांडणारे हे मोठं नाव. मॉनिटरच्या सेटिंगवरचा हाउटूही त्यांनीच लिहिलेला. त्यांना घरातल्या एका संगणकाला जोडलेल्या प्रिंटरवर दुसऱ्या संगणकावरून छापायचं होतं. एवढंच. त्यातही त्यांचा घामटा निघाला. स्क्रीनवर पर्याय होते, पण कुठला पर्याय कधी निवडायचा हे मदतीच्या मजकुरात नव्हतं. त्यांच्या लिखाणात 'आंट टिली' नावाची एक काल्पनिक मावशी येते, संगणकाशी कसलंच देणंघेणं नसलेली. रेमंड यांचा प्रश्न होता, मलाच हे जमेना तर टिलीमावशीने काय करायचं? लिहिणाऱ्याला स्वतःला सगळं येत असतं, त्यामुळे न येणाऱ्याला काय दिसतं हे त्याला दिसतच नाही, हा त्यांचा रोख होता. आपल्याकडे याला दिव्याखाली अंधार म्हणतात.

सगळेच हात बांधून बसले होते असं मात्र नाही. जून २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ चं युजर गाइड सन मायक्रोसिस्टिम्सच्या डॉक्युमेंटेशन टीमने लिहिलं. ही पगारी, मुरलेली लेखक मंडळी होती. ओपनऑफिसचं मूळ मदत-साहित्यही स्टारऑफिसकडून, म्हणजे कंपनीच्या लेखकांकडून आलेलं. सनने ते ऑगस्ट १९९९ मध्ये विकत घेतलं आणि २००० मध्ये कोड खुला केला. पण कंपनीचा आधार कायमचा नसतो. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. सप्टेंबर २०१० मध्ये डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन होऊन ओपनऑफिसमधून लिबरऑफिस वेगळं झालं. कोडबरोबर हजारो पानांचं मदत-साहित्यही वारशात आलं आणि ते अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी मुख्यतः स्वयंसेवकांवर आली.

इथे कामाची घडी समजून घेतली पाहिजे. ग्नोमची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते, लिबरऑफिसचीही तशीच. या सहा महिन्यांतला बराचसा वेळ प्रोग्रामर बटणं, मेनू, शब्द बदलत असतात. ग्नोममध्ये आवृत्ती निघायच्या काही आठवडे आधी 'आता स्क्रीनचं रूप बदलायचं नाही' आणि 'आता मजकूर बदलायचा नाही' अशा दोन तारखा येतात. त्यांना 'फ्रीझ' म्हणतात, म्हणजे गोठवण. मॅन्युअल लिहिणाऱ्याला आणि भाषांतर करणाऱ्याला स्थिर स्क्रीन मिळते ती एवढ्या काही आठवड्यांपुरतीच. तेवढ्यात सगळी पानं तपासायची, चित्रं नव्याने काढायची. आणि हे सगळं नोकरी सांभाळून, रात्री. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. घोड्याची चूक नाही. वरात आधीच निघून गेलेली असते.

तीन बदल

उदाहरणं बघितली की हा प्रकार नीट कळतो. तिन्ही उदाहरणांत प्रोग्रामरने केलेला बदल विचारपूर्वक केलेला होता, हे आधीच सांगतो.

पहिलं गिंपचं. मे २०१२ मध्ये गिंप २.८ आलं. तोवर फोटो 'सेव्ह ॲज' मधून थेट जेपेग करून ठेवता यायचा. २.८ पासून 'सेव्ह' फक्त गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात होऊ लागलं. जेपेग हवं असेल तर 'एक्स्पोर्ट'. कारण सरळ होतं. जेपेगमध्ये सेव्ह केलं की चित्राचे थर नाहीसे होतात आणि लोकांचं काम वाया जातं. पण त्या दिवशी गिंपवरच्या सगळ्या जुन्या पुस्तकांतलं शेवटचं वाक्य, 'आता सेव्ह करा', खोटं झालं. आणि गिंपचं मॅन्युअल हे मूळ प्रोग्रामपासून वेगळं पॅकेज आहे, स्वतःच्या चालीने येणारं. म्हणजे प्रोग्राम नवा आणि पुस्तक जुनं, अशी जोडी एकाच संगणकावर नांदू शकते.

दुसरं इंकस्केपचं. जानेवारी २०१७ मध्ये ०.९२ आवृत्तीत एका इंचातले पिक्सेल ९० वरून ९६ केले गेले, कारण वेबचं प्रमाण तेच होतं. जुन्या पुस्तकात बघून ९० च्या हिशोबाने काढलेलं चित्र ९६ च्या हिशोबाने मोजलं तर सव्वासहा टक्क्यांनी लहान भरतं. पोस्टरला हे चालून जाईल. पण कुणी लेझरने लाकूड कापायला हे चित्र दिलं असेल तर खाच बसणार नाही. पुढे मे २०२० मध्ये १.० आलं, आणि कमांड देऊन चित्र बाहेर काढण्याचे शब्दही बदलले.

तिसरं ब्लेंडरचं. त्रिमिती ॲनिमेशनचं हे सॉफ्टवेअर. त्याचा कोड खुला करण्यासाठी २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवली. आपल्या गणेशोत्सवासारखीच, फक्त जगभरातून. त्यात वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. जुलै २०१९ च्या २.८० मध्ये ते डावं झालं. नव्या माणसाच्या दृष्टीने हे सोयीचंच, बाकी सगळीकडे डावंच असतं. पण त्याआधीच्या साऱ्या शिकवण्यांची पहिली ओळच उलटी झाली.

एक चौथा प्रकारही आहे. लिबरऑफिसमध्ये हल्ली मेनूचा जुना साज ठेवायचा की टॅबचा नवा, हे आपण निवडू शकतो. मग एकच आवृत्ती वापरणाऱ्या बापलेकांच्या स्क्रीन सारख्या दिसत नाहीत. मॅन्युअल म्हणतं 'टूल्स मेनू उघडा'. वडिलांना दिसतो, मुलीला दिसत नाही. इथे मॅन्युअल चूक आहे की बरोबर?

मराठीत आल्यावर

भाषांतर आलं की गुंता दुप्पट होतो. ग्नोम, केडीई, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांच्या स्क्रीनवरचा मजकूर मराठीत आणण्याचं काम अनेकांनी वर्षानुवर्षं केलं, बहुतेकांनी विनामोबदला. पण स्क्रीन मराठी आणि मॅन्युअल इंग्रजी, अशी स्थिती आली की वाचणाऱ्याची पंचाईत होते. मॅन्युअल सांगतं अमुक इंग्रजी मेनूवर जा. समोर मात्र मराठी शब्द असतो. कुठला शब्द कुठल्या शब्दाचा, हे त्यानेच ओळखायचं.

मॅन्युअल भाषांतरित असलं तरी एक तांत्रिक गोष्ट आड येते. भाषांतराची 'गेटटेक्स्ट' नावाची व्यवस्था वाक्यावाक्याने चालते. मूळ इंग्रजी वाक्यात थोडा जरी बदल झाला तरी जुनं भाषांतर 'फझी', म्हणजे संशयित, ठरवून बाजूला ठेवलं जातं आणि कुणी तपासेपर्यंत तिथे इंग्रजी वाक्य दिसतं. पान अर्धं मराठी अर्धं इंग्रजी होतं, आमच्या मुलांच्या बोलण्यासारखं! दिसायला हे वाईट. पण तत्त्व शहाणपणाचं आहे. शंका असेल तर चुकीचं मराठी दाखवू नका, ताजं इंग्रजी दाखवा.

मराठीतलं एक चांगलं उदाहरण आयआयटी मुंबईचं आहे. तिथल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिबरऑफिससारख्या ओपन सोर्स प्रोग्रामचे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ पाठ तयार केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे आवाज दिले. लिबरऑफिसच्या सुरुवातीच्या पाठांत शिकवायला लागण्याआधी निवेदक सांगतो की आपण उबंटू लिनक्स १०.०४ आणि लिबरऑफिस ३.३.४ वापरत आहोत. तो प्रोग्राम आता जुना झाला, स्क्रीन बदलली. पण पाठ खोटा ठरत नाही, कारण तो कुठल्या शेगडीवर शिजवला हे त्याने आधीच सांगितलेलं आहे. सातारा-सांगलीकडच्या कॉलेजातल्या मुलाला स्क्रीन वेगळी दिसली तर 'मी ढ' असं वाटायचं कारण नाही. व्हर्जन वेगळं आहे, एवढंच.

चूक टिकते कशी?

गेली काही वर्षं कन्सल्टिंगच्या कामात निरनिराळ्या कंपन्यांत जावं लागतं. सगळीकडे एक गोष्ट सारखी दिसते. प्रोग्राममधली चूक लपत नाही. तो बंद पडतो, आरडाओरडा होतो, कुणीतरी रात्री जागून दुरुस्त करतो. मॅन्युअलमधली चूक आवाज करत नाही. चुकीचं वाक्य छान सजून वर्षानुवर्षं जागेवर बसून राहतं.

ते दिसतं फक्त नवख्याला, कारण मॅन्युअल वाचतो तोच. पण नवख्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. जाणत्याला विचारावं तर जुन्या काळात एक ठरलेलं उर्मट उत्तर मिळायचं, 'आधी मॅन्युअल वाच'. अरे, वाचूनच तर आलोय! मग तो धडपडत शिकतो किंवा सोडून देतो. शिकला, तर त्याला आता मॅन्युअलची गरज नसते, म्हणून तो मागे वळून दुरुस्ती करत नाही. सोडून दिलं, तर प्रश्नच मिटला. म्हणजे चूक ज्याला दिसते त्याला ती चूक आहे हे कळत नाही, आणि ज्याला कळतं तो ते पान पुन्हा उघडत नाही. या दोघांच्या मधल्या फटीत ती चूक सुखाने राहते.

२०१७ मध्ये गिटहबने ओपन सोर्सबद्दल एक पाहणी केली. सुमारे ५,५०० लोकांनी उत्तरं दिली. त्यांपैकी ९३ टक्के म्हणाले की अपुरं किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशन हा सर्रास आढळणारा प्रश्न आहे. आणि ओपन सोर्समध्ये हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी सांगितलं की आपण डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतो किंवा कधीच लावत नाही. आपल्या मंडळांचंच बघा ना. नाटकात काम करायला रांग लागते, गणपतीच्या स्वयंपाकाला वीस हात येतात. पण हॉलचं डिपॉझिट कधी भरायचं, मखर कुठल्या स्टोरेजमध्ये आहे, याची वही पुढच्या कमिटीसाठी लिहून ठेवायला कोण पुढे येतं?

याची किंमत कोण मोजतं? प्रोग्रामर नाही. किंमत मोजतो तो माणूस, ज्याच्यासाठी हे सॉफ्टवेअर मुक्त केलं असं आपण म्हणतो. महागडं सॉफ्टवेअर न परवडणारी शाळा, गावातलं छपाईचं दुकान, साठीनंतर संगणक शिकणारे आईवडील. वापरायचं कसं हे ज्ञान जाणत्यांच्या तोंडी राहिलं, तर जुन्या गवयांनी चीजा पेटीत कुलूप लावून ठेवाव्यात तशातली गत होते. कोड खुला आणि किल्ली मात्र ओळखीच्याकडे.

उपाय, आणि एक नवी पंचाईत

सुधारणा झाल्या आहेत, हेही सांगायला हवं. एप्रिल २०११ च्या ग्नोम ३ साठी शॉन मॅकान्स आणि सहकाऱ्यांनी मदत-साहित्य नव्या पद्धतीने लिहिलं. जाडजूड ग्रंथाऐवजी एका प्रश्नाला एक छोटं पान. त्यासाठी त्यांनी 'मॅलार्ड' नावाची लेखनपद्धत घडवली. तिच्यात प्रत्येक पानाची अवस्था नोंदवता येते: कच्चं, अपुरं, तपासलेलं, कालबाह्य. १९७१ च्या 'बग्ज'ची ही नातच म्हणायची. ब्लेंडरचं मॅन्युअल आता आवृत्तीवार वेगळं ठेवलं जातं, जुनं हवं तर जुनं उघडा. लिबरऑफिसच्या मार्गदर्शक पुस्तकांवर ते कुठल्या आवृत्तीचं हे ठळक छापलेलं असतं. आर्च लिनक्सच्या विकीवर 'हा भाग कालबाह्य आहे' अशी पाटी वाचकही लावू शकतो. २०१९ मध्ये गूगलने 'सीझन ऑफ डॉक्स' सुरू करून ओपन सोर्स प्रकल्पांसाठी काम करणाऱ्या लेखकांना पैसे द्यायला सुरुवात केली.

पण आता एक नवी पंचाईत आली आहे. मॅन्युअल उघडण्याऐवजी लोक चॅटबॉटला विचारतात. चॅटबॉट शिकलेला असतो तो याच साऱ्या नव्याजुन्या मजकुरावर. हाउटूच्या डोक्यावर निदान तारीख होती. इथे दहा वर्षांपूर्वीचं आणि काल लिहिलेलं वाक्य एकाच ठाम सुरात बाहेर येऊ शकतं. उबंटूच्या जुन्या पुस्तकांत 'जीकेसुडो' ही कमांड ठायीठायी दिसते. २०१८ च्या १८.०४ आवृत्तीत ती काढून टाकली गेली. तरी अशी कमांड उत्तरात समोर आली तर आश्चर्य मानू नका. म्हणून असं उत्तर मिळालं की आधी दोन प्रश्न विचारा. हे कुठल्या व्हर्जनबद्दल आहे? आणि माझ्याकडे कुठलं आहे? बहुतेक प्रोग्राममध्ये 'हेल्प' मेनूत 'अबाउट' असतं, तिथे तुमचा क्रमांक मिळतो.

शेवटी एक विनंती. यातल्या बहुतेक प्रकल्पांत चूक कळवायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. 'अमुक पानावर अमुक बटण सांगितलं आहे, माझ्या अमुक व्हर्जनमध्ये ते नाही', एवढी दोन वाक्यं पुरतात. हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांना स्वयंसेवेचे तास भरायचे असतात. त्यांच्यासाठी हे उत्तम काम आहे, आजी-आजोबांना शेजारी बसवून करता येण्यासारखं. आजोबा मॅन्युअल वाचून जिथे अडतील, तिथे नातवाने खूण करायची. आजोबांना मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवा, की अडलात तर तुमचं काही चुकलेलं नाही.